आधीच लावलेली पानं

दुसऱ्याच्या चुका काढणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात. पण चूक काढून घेतल्यावर वर ज्याचे आभार मानावे लागतात असा माणूस अख्ख्या वसई तालुक्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझ्या सासऱ्यांचा थोरला जावई आहे. म्हणजे माझा साडू. दोन बहिणींच्या नवऱ्यांना एकमेकांशी तुलना करून घेण्यापलीकडे या नात्यात दुसरं काही कामच नेमून दिलेलं नाही, आणि ही तुलना मी गेली अकरा वर्षं न चुकता हरत आलो आहे. मला साडूभाऊंचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्यांच्याविषयी जे काही चांगलं लिहिणार आहे ते दात-ओठ खात लिहिलेलं आहे, हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहायला हवं.

हेवा करण्यासारखं त्यांच्याकडे काय नाही? मी मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावर राहतो. माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतून माझी. साडूभाऊ भुईगावात राहतात. घरामागे वाडी, वाडीत केळी, सुपारी, आणि शेवग्याच्या व पांगाऱ्याच्या आधाराने चढलेल्या पानवेली. पलीकडून समुद्राचा आवाज येतो, आणि तो येतो हे त्यांच्या लक्षातसुद्धा नसतं. वसईतल्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवतात, सायकलवरून जातात, सायकलवरून येतात, आणि दुपारी तासभर झोपतात. पन्नाशीला आलेल्या माणसाच्या डोक्यावर इतके केस शोभत नाहीत, पण आहेत. उजव्या कानावर कायम एक पेन्सिल. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं सुतार असावेत. पुढे कळलं की ही पेन्सिल लाकडावर नाही, माणसांवर चालते.

साडूभाऊ सगळं वाचतात. आपणही वाचतो, पण आपण काय लिहिलं असणार ते मनाशी ठरवून वाचतो. ते लिहिलंय तेच वाचतात. औषधाच्या बाटलीतली घडी घातलेली चिठ्ठी, लॉटरीच्या तिकिटाची मागची बाजू, हॉटेलातलं मेनूकार्ड, सगळं शेवटपर्यंत. आमच्या इमारतीच्या जिन्यात पाण्याच्या वेळेची एक सूचना लागलेली असते. तिच्यापुढून मी रोज चार वेळा जातो. साडूभाऊ एकदाच आले, पेन्सिल काढली आणि म्हणाले की या वेळेप्रमाणे बी विंगला सोमवारी दोनदा पाणी येतं आणि गुरुवारी येतच नाही. आम्ही सात महिने गुरुवारी पाणी का येत नाही म्हणून सेक्रेटरीशी भांडत होतो. माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा नमुना छापखान्यातून आला तेव्हा दोन्हीकडच्या मिळून चौदा माणसांनी तो डोळ्यांखालून घातला होता. साडूभाऊंनी पाणी प्यायचा पेला खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "तारीख खरी की वार?" तारीख एक होती आणि वार भलताच. सासूबाई आजतागायत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की थोरले जावई होते म्हणून धाकटीचं लग्न झालं. लग्न माझं, आणि त्यातही श्रेय त्यांचं.

आणि दुसरी सवय अशी की जे आधीच लागलेलं आहे त्याला ते पुन्हा हात लावत नाहीत. दोरीवरचे कपडे ते कपाटात ठेवायच्या क्रमानेच काढतात, म्हणजे घड्या घालताना निवडानिवड नको. वाण्याकडची यादी दुकानातल्या फळ्यांच्या क्रमाने लिहितात. पण लागलेलं आहे याची खात्री मात्र ते स्वतः करून घेतात, कुणाच्या शब्दावर विसंबत नाहीत. पानं खुडतानाचीच गोष्ट घ्या. वेलीवर खालची पानं जुनी आणि मोठी, वर जावं तसतशी कोवळी आणि लहान. साडूभाऊ खालून वर खुडत जातात, त्यामुळे हातात येणारी गड्डी मोठ्यापासून लहानापर्यंत आपोआप लागलेली असते. मग ती ओट्यावर पसरून मापाप्रमाणे लावत बसायचं कारण नाही. दुसऱ्या कुणी खुडलेली गड्डी आली मात्र, की ते ती सोडतात, एकेक पान बघतात आणि पुन्हा बांधतात. माझ्या मेहुणीची गड्डी सोडतात, गड्याची सोडतात, माझी तर सोडतातच. त्यांच्या आईने पन्नास वर्षं पानं खुडली आहेत. तिची गड्डी सोडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. म्हातारी माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "माझ्या हातचं पन याला पटत नाय. लहानपनापासून असाच."

या दोन सवयींनी माझं सासरचं आयुष्य लग्नानंतर सहाव्या महिन्यात संपवलं. सासऱ्यांकडे पत्रांचा एक पेटारा होता. नोकरीनिमित्त ते गावोगाव फिरले, त्या काळात घरून आलेलं एकूण एक पत्र त्यांनी तारखेप्रमाणे लावून ठेवलेलं होतं. सासूबाईंना ती पत्रं महिन्यामहिन्याची वेगळी करून पिशव्यांत भरायची होती. नवा जावई, त्यातून कॉम्प्युटरवाला. मी म्हटलं, तासाभरात करून देतो. सगळा पेटारा जमिनीवर उपडा केला, प्रत्येक वर्षाचे बारा-बारा ढीग मांडायला घेतले, आणि उकडतं म्हणून पंखा लावला. साडूभाऊ दारात आले तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांचं एक पत्र त्यांच्या छातीवर येऊन बसलं. त्यांनी ते वाचलं, अर्थातच शेवटपर्यंत, आणि शांतपणे विचारलं, "तारखेने लावलेली होती ना? मग महिन्याने लागलेलीच होती. नुसत्या मध्ये खुणा घालायच्या." मला आजही आठवतं की सासऱ्यांनी त्या क्षणी माझ्याकडे पाहिलं नाही, साडूभाऊंकडे पाहिलं. त्यानंतर साडूभाऊ माझ्याबरोबर जमिनीवर बसले आणि अडीच तास आम्ही दोघांनी ती पत्रं परत तारखेने लावली. एक शब्द टाकून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निदान राग धरायला काहीतरी मिळालं असतं.

आता माझ्या धंद्याविषयी सांगायला हवं, कारण खरं दुखणं तिथे आहे. मी डेटाबेसवर काम करतो. आमच्या ऑफिसात जो डेटाबेस वापरतात तो कुणा एका मालकाचा नाही. जगभरातली माणसं त्यात सुधारणा सुचवतात, त्या सुधारणेला पॅच म्हणतात, आणि तो पॅच सगळ्यांना दिसेल अशा ईमेलच्या एका यादीवर पाठवायचा असतो. आम्ही तिला नुसतं लिस्ट म्हणतो. तिथे कुणीतरी तो तपासतं, चुका काढतं, तुम्ही दुरुस्त करता, पुन्हा तपासतं, आणि असं करता करता एखादा पॅच आत जातो. आत गेला की तुमचं नाव कायमचं नोंदलं जातं. आमच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा मान नाही. ऑफिसात रुजू झालो त्या पहिल्या महिन्यात आमचे वरिष्ठ लिस्टवरच्या एका तपासनीसाविषयी इतक्या भक्तिभावाने बोलत होते की मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलेलं नाव ऐकून माझ्या हातातला चहा अंगावर सांडला. तो तपासनीस माझ्या लग्नाची तारीख तपासणाराच निघाला.

साडूभाऊ कित्येक वर्षं हे काम करत होते, फुकट, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. विचारल्यावर म्हणाले, कुणी विचारलं नाही. पहाटे वेलींना पाणी सोडायचं आणि पाणी पाटातून शेवटच्या वेलीपर्यंत पोचेतो ओट्यावर बसून एक पॅच वाचायचा, असा त्यांचा नेम. त्यांचं उत्तर कायम साडेपाच ते सहाच्या दरम्यान जातं. त्यात स्तुती नाही, टीका नाही. तीन ओळींचा एक छोटासा तक्ता असतो. त्या तीन ओळी तुम्ही डेटाबेसमध्ये घातल्यात की तुमचा पॅच तुमच्या डोळ्यांदेखत चुकीचं उत्तर देतो. चारशे ओळींच्या कामाला तीन ओळी पुरतात. आणि सगळ्यात शेवटी दोन शब्द, "बाकी ठीक." जपानपासून कॅनडापर्यंतची शहाणी माणसं या दोन शब्दांसाठी महिनोन् महिने खपतात. ज्याला तक्ता न येता नुसतं "बाकी ठीक" आलं अशी माणसं मी मोजली आहेत. दोन आहेत. त्यांचाही मला हेवा वाटतो.

तिसरा मी व्हायचं ठरवलं. डेटाबेसमध्ये प्लॅनर नावाचा एक भाग असतो. तुम्ही काही मागितलंत की ते कुठल्या वाटेने आणायचं हे तो ठरवतो. माझ्या लक्षात आलं की नोंदी वेळेप्रमाणे आधीच लावलेल्या असल्या आणि तुम्ही त्या दिवसाप्रमाणे मागितल्यात, तरी हा प्लॅनर सगळ्या नोंदी ओतून पुन्हा पहिल्यापासून लावत बसतो. वास्तविक वेळेचा दिवस काढला म्हणून क्रम बिघडत नाही. सोमवारी सकाळी आलेली नोंद मंगळवारी दुपारी आलेल्या नोंदीच्या पुढे जाणार नाही. क्रम न बिघडवणारी अशी जी जी क्रिया असेल ती प्लॅनरला ओळखता आली, तर लाखो नोंदी लावण्याचे कष्ट वाचतील. मी आठ महिने रविवार घातले आणि पॅच लिहिला. ही कल्पना मला कशी सुचली म्हणून ऑफिसात विचारलं तेव्हा मी म्हणालो, अशीच सुचली. पंखा, पेटारा आणि जमिनीवरचे ढीग मला त्या वेळी आठवत नव्हते असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

पॅच लिस्टवर गेला आणि चौथ्या दिवशी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी तक्ता आला. तीन नोंदी. सोमवारी नऊला वसंता, सोमवारी दहाला अनंता, मंगळवारी कमळ. आता याच नोंदी दिवसाप्रमाणे मागा, आणि एका दिवसात नावाप्रमाणे. सोमवार दोघांचा एकच, तेव्हा अनंता आधी यायला हवा. पण माझा पॅच म्हणत होता, वेळेने लावलेलंच आहे, कशाला हात लावा. वसंता आपला पुढे उभा. दोन वेगळ्या वेळा एकाच दिवसात मिसळल्या की त्यांच्या आतला क्रम विश्वासाचा राहत नाही, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. शेवटी "बाकी ठीक" होतं. ते मला अर्ध्या जगासमोर थोबाडीत मारून पाठीवर हात फिरवल्यासारखं वाटलं. लिस्टच्या रिवाजाप्रमाणे मी आभार मानले. रविवारी भुईगावला गेलो तेव्हा म्हटलं, साडूभाऊ, घरचीच माणसं आपण, मला आधी फोन केला असता तर? ते खरोखर गोंधळले. म्हणाले, "लिस्टवर पाठवलास, लिस्टवर वाचला. घरी दिला असतास तर घरी वाचला असता."

मी पॅच सोडून दिला. दुरुस्ती दोन दिवसांची होती, पण रुसवा दीड वर्षाचा झाला. बायकोला कारण सांगितलं नाही, पण भुईगावला जायचं म्हटलं की मला रविवारी हटकून काम निघायचं. ती एकदा म्हणाली, भावोजी तुमची चौकशी करत होते, ते काम पुढे नेणार आहात का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, त्यांना म्हणावं मला वेळ नाही. ती गेली आणि त्यांना तसंच्या तसं सांगून आली, कारण ती त्यांचीच मेहुणी.

मग यंदा, पावसाळा सरल्यावर, एका सकाळी ऑफिसात पोचलो आणि लिस्ट उघडली तर साडूभाऊंनी पॅच पाठवलेला. पंधरा वर्षांत ज्या माणसाने दुसऱ्याचं वाचण्यापलीकडे काही केलं नाही त्याने पाठवलेला पहिला पॅच, आणि विषय? क्रम न बिघडवणाऱ्या क्रिया आणि प्लॅनर. माझा विषय. माझे आठ महिन्यांचे रविवार. मी इतका संतापलो की शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. पत्रिकेचं श्रेय घेतलंत, सासऱ्यांची नजर घेतलीत, आता हेही? मी पत्राचा मजकूर वाचला नाही, वरच्या ओळी वाचल्या नाहीत, सरळ खालच्या कोडवर तुटून पडलो. एकच इच्छा होती. एक चूक. आयुष्यात एकदा या माणसाची एक चूक मला सापडू दे, मग तो आत जाईना का.

तीन दिवस वाचलं, आणि तेही त्यांच्यासारखं, म्हणजे लिहिलंय तेच. वसंता-अनंताची अडचण त्यांनी इतकी सुबक सोडवली होती की मला वाचतानाच मत्सराने घाम फुटला. आणि चौथ्या दिवशी ऑफिसची संध्याकाळची मीटिंग साडेसहाची साडेसात झाली. दर वर्षी होते. आमची निम्मी टीम परदेशात आहे, आणि तिकडे थंडी जवळ आली की एक दिवस सगळे मिळून घड्याळ एक तास मागे घेतात. बायको दर वर्षी विचारते की तिकडच्या लोकांच्या घड्याळापायी आपण थंड आमटी का खायची. मी फोनवर तिला समजावत होतो आणि समजावता समजावता गप्प झालो. घड्याळ मागे गेलं की तोच तास दोनदा येतो. आधी दीड वाजतो, मग पावणेदोन, आणि मग पुन्हा सव्वा. खरी वेळ पुढे चाललेली आणि भिंतीवरची मागे. म्हणजे खऱ्या वेळेची तिथली स्थानिक वेळ काढली तर क्रम बिघडतो. आणि पॅचमध्ये जी क्रम न बिघडवणाऱ्या क्रियांची यादी होती तिच्यात सातव्या ओळीवर नेमकी हीच क्रिया बसलेली होती. ज्या देशात घड्याळ कधी मागे जात नाही त्या देशातल्या माणसाशिवाय ही चूक दुसरं कोण करणार? त्यातून सायकलवरून कॉलेजला जाणाऱ्या आणि दुपारी झोपणाऱ्या माणसाला परदेशातली मीटिंग कुठून माहीत असणार?

मी फोन केला नाही. लिस्टवर पाठवलात, लिस्टवर वाचला. तीन ओळींचा तक्ता केला: दीड, पावणेदोन, सव्वा. लेखकाने हा मूलभूत विचारही करू नये याचं आश्चर्य वाटतं, असं एक वाक्य त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं, ते मी घातलं. शेवटी लिहिलं, "बाकी ठीक." पाठवायचं बटण दाबलं तेव्हा अकरा वर्षांचं काहीतरी माझ्या खांद्यावरून उतरलं. त्या दिवशी येताना मी घरी बर्फी नेली.

दुसऱ्या दिवशी जर्मनीतल्या एका बाईंचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की दोष अगदी खरा आहे, पण लेखकाने स्वतःच स्वतःच्या कामाविषयी इतक्या कठोर भाषेत बोलावं असं त्यांनी लिस्टवर प्रथमच पाहिलं, आणि या प्रामाणिकपणाचा त्यांना आदर वाटतो. मी दोनदा वाचलं. मग पहिल्यांदाच पॅचच्या अगदी वरच्या ओळीवर गेलो. लेखक, असं लिहून पुढे नाव होतं. माझं. खाली साडूभाऊंच्या पत्रात दोन ओळी होत्या: हा पॅच दीड वर्षापूर्वीचा आहे, चांगला आहे, लेखकाला सध्या वेळ नाही म्हणून नव्या आवृत्तीला जुळवून पाठवत आहे, एक दुरुस्ती केली आहे, बाकी त्याचंच. मग मी माझा जुना पॅच काढला. क्रियांची यादी, ओळ सातवी. शब्द न् शब्द माझा; दीड वर्षात मी तो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता आणि रागाच्या भरात ओळखलाही नव्हता. मी अर्ध्या जगासमोर, कडक शब्दांत, आश्चर्य व्यक्त करून, स्वतःचीच अब्रू काढली होती. आणि त्यानंतर पहाटे पाच वाजून पस्तीस मिनिटांनी आलेलं साडूभाऊंचं उत्तर होतं. "चूक माझी. मी हे दोनदा वाचलं आणि दोनदा सोडलं. आमच्याकडे घड्याळ मागे जात नाही." तक्ता नाही. "बाकी ठीक" नाही.

त्या रविवारी मला काम निघालं नाही. बायकोला म्हटलं, चल भुईगावला, तर तिने माझं कपाळ चाचपून पाहिलं. स्कूटर निर्मळच्या तळ्यापाशी आली तेव्हा परत फिरावंसं वाटलं, आणि अरुंद आळीत शिरल्यावर तर एक रिक्षा समोरून आली म्हणूनच मी पुढे गेलो, मागे वळायला जागा नव्हती. बायको घरात बहिणीकडे गेली. साडूभाऊ वाडीत होते, वेलीशी वाकलेले. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि माफीची जी दोन वाक्यं मनवेलपाड्यापासून घोकत आलो होतो ती सुरू करणार, तेवढ्यात ते वळले. माणूस इतका आनंदात मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "घड्याळ! अरे, तुला ते सुचलं कसं?" मी मीटिंगची आणि थंड आमटीची गोष्ट सांगितली. ते हसले, कानावरची पेन्सिल काढून पुन्हा ठेवली, मला बसायला पाटाच्या कडेचा दगड दाखवला. मग म्हणाले की पंधरा वर्षं ते वाचताहेत आणि त्यांच्या हातून सुटलेलं आजवर कुणी पकडलेलं नाही; सुटत तर असणारच, पण त्यांच्या पुढे जाऊन कुणी वाचतच नाही, त्यांनी ठीक म्हटलं की लोक वाचायचं थांबवतात. "भीती वाटते रे," ते म्हणाले. "माझ्यानंतर कुणी बघत नाही याची."

मग मीही सांगून टाकलं. पॅचवर माझं नाव घातलंत, पण कल्पना माझी नव्हतीच, त्या पत्रांच्या दिवशी तुम्ही दारात उभं राहून म्हणालात तीच मी उचलली. साडूभाऊ आठवू लागले. पत्रं आठवली, पंखा आठवला, आजोबांच्या पत्रातला मजकूरसुद्धा आठवला. आपण काय म्हणालो ते आठवेना. शेवटी त्यांनी तो विषय हातानेच बाजूला केला. "मी नुसतं म्हणालो असेन. लिहिलंस तू. मला ते जमत नाही. मी दोनतीनदा बसलो होतो काहीतरी स्वतःचं करायला. पहिली ओळ लिहायच्या आधीच तिच्यातली चूक दिसते, मग लिहीतच नाही. तू बेधडक लिहितोस, चुकतोस, रुसतोस, परत लिहितोस." मग वेलीकडे बघतच ते म्हणाले, "मला तुझा हेवा वाटतो."

या वाक्याचं काय करायचं ते मला समजेना. अकरा वर्षं ज्या वस्तूवर माझा एकट्याचा हक्क आहे असं समजून मी ती जपली होती, ती या माणसाने अशी सहज माझ्यापुढे ठेवली, आणि त्यात लाजण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नाही. हेवासुद्धा ते माझ्यापेक्षा चांगला करतात. मी दगडावरून उठलो. समोरच्या वेलीशी वाकलो आणि पानं खुडायला लागलो, खालून वर, ते करतात तशी. बराच वेळ आम्ही दोघं दोन वेलींशी होतो. घरातून बहिणींच्या हसण्याचा आवाज येत होता.

पॅच अजून आत गेलेला नाही. सातवी ओळ काढून मी तो पुन्हा पाठवला आहे, लेखकाच्या जागी माझं नाव आहे, तपासनिसाच्या जागी त्यांचं, आणि आता त्या जर्मनीतल्या बाईंनी आणखी एक शंका काढली आहे. जाईल तेव्हा जाईल. मी आता रविवारी भुईगावला जातो, आणि जाताना मला पूर्वीसारखाच हेवा वाटतो, त्यांच्या वाडीचा, केसांचा, दुपारच्या झोपेचा. तो काही कमी झालेला नाही. फक्त त्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली. खुडून झाल्यावर मी माझी गड्डी केळीच्या सोपटाने बांधली आणि नेहमीप्रमाणे त्यांच्यापुढे धरली, सोडून बघतील म्हणून. साडूभाऊंनी ती हातात घेतली, कडेने एकदा पाहिली, आणि तशीच, न सोडता, टोपलीत त्यांच्या गड्ड्यांशेजारी ठेवून दिली.